परक्याचं वकीलपत्र

आमच्या घरी बाहेरून रागावून आलेल्या माणसाला जेवायला मिळायचं, पण पापड मिळायचा नाही. पापड हवा असेल तर ज्याच्यावर राग आला त्याचं वकीलपत्र घ्यावं लागे. बसमध्ये कुणी कोपर मारलं, रेशनच्या रांगेत कुणी मध्येच घुसलं, सायकलवरून जाताना कुणी शिवी हासडली, तर ती तक्रार आधी मीठमसाला लावून सांगायची, आणि मग त्याच ताटावर बसून त्या माणसाच्या तोंडानं बोलायचं. तेही ‘मी’ म्हणून. मी कोपर मारलं, कारण अमुक. मी रांगेत घुसलो, कारण तमुक. अप्पा न्यायाधीश. ते स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत आणि निकाल देत. वकिली पटली तर भाजलेला पापड ताटात पडे, नाही पटली तर ‘पुढची तारीख’. पुढची तारीख म्हणजे उद्याचं जेवण, आणि तोपर्यंत आदल्या दिवशीचा राग आंबलेल्या ताकासारखा झालेला असे, त्यात कुणालाच गोडी नसे.

ही पद्धत अप्पांनी कारखान्यातून घरी आणली. यशवंतपूरच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात ते इंजिनिअर होते. त्यांच्या हाताखाली दोन खाती होती, एक लोखंडाचे भाग ओतणारं आणि दुसरं ते तासून जुळवणारं, आणि ही दोन्ही कायम एकमेकांच्या उरावर बसलेली. अप्पांनी नियम केला की माझ्या टेबलाशी तक्रार घेऊन येणाऱ्यानं आधी समोरच्याची तक्रार सांगायची, आणि समोरचा ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हणाल्याशिवाय स्वतःची सुरू करायची नाही. निम्मी भांडणं तिथंच विझतात, असं ते अभिमानानं सांगत. खरं कारण मला आईनं फार नंतर सांगितलं. अप्पा स्वतः भयंकर तापट. बंगळूरला नवीन आले तेव्हा कुणी सायकलला सायकल घासली तरी उतरून बाह्या सरसावत. ‘ते औषध त्यांनी स्वतःसाठी काढलं होतं,’ आई म्हणाली, ‘आपल्याला उगाच पाजत होते.’ (मी अजून बंगळूरच म्हणते. माझी सून नागपूरची, ती बँगलोर म्हणते, नातू बेंगळुरू म्हणतो. गाव एकच आहे आणि तिघांनाही ट्रॅफिक तेवढाच लागतो.)

आमचं घर म्हणजे कारखान्याचं क्वार्टर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं अंगण आणि अंगणात कढीपत्त्याचं झाड, ज्याच्यावर सगळ्या चाळवजा रांगेचा हक्क होता. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग पालेभाजीवाल्या बाईची ‘सोप्पूऽऽ’ अशी लांब हाळी, मग दुपारभर आईच्या शिलाई मशीनचा आवाज. शेजारच्या राजम्मांची भिंत आमच्या भिंतीला इतकी चिकटून होती की आईनं आमच्या कुकरच्या शिट्ट्या समजून त्यांच्याच मोजल्या आणि डाळ कच्ची राहिली, असं कितीदा तरी झालं. जेवण आईच्या माहेरचं, मिरजेचं. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, आमटी. पण थंडीत अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, ओल्या शेंगा बाजारात आल्या की सगळी रांग पायऱ्यांवर बसून दाणे सोलत असे, आणि आमच्याकडे त्याला गोड्या मसाल्याची फोडणी बसायची. राजम्मा वाटीभर चाखून बघत, डोळे मिटत आणि म्हणत, ‘परवागिल्ला अक्का.’ म्हणजे चालेल, वाईट नाही. आई त्या ‘परवागिल्ला’वर दोन दिवस खूश असायची.

वकिलीचे नियम हळूहळू ठरत गेले. पहिला आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे दवाखाना चालणार नाही. कारण सुरुवातीला आम्ही प्रत्येक खटल्यात आरोपीची आई अत्यवस्थ करून टाकत होतो. माझा भाऊ विनय तर एका आठवड्यात इतक्यांच्या आया मारत असे की अप्पांनी पेला वाजवून जाहीर केलं, ‘आजारपण, मरण, बाळंतपण, काही चालायचं नाही. लहान चुकीला लहान कारण शोधा.’ हे फार अवघड होतं आणि म्हणून फार मजेचं होतं. कॉलेजच्या बसमध्ये एका जाड्या बाईनं मला पिशवीनं ढोसून खिडकीची जागा घेतली तेव्हाची माझी वकिली मला अजून आठवते. ‘मी ती बाई. माझी चप्पल नवीन आहे, ती चावतेय. पिशवीत फणसाचे गरे आहेत आणि वास येतोय हे मला कळतंय, म्हणून मला खिडकी पाहिजे. ह्या पोरीकडे बघून वाटलं, हिच्या पायाला काय धाड भरलीय, उभी राहील.’ अप्पा हसले, पेला वाजला, पापड आला. आणि खरं सांगते, फणसाच्या गऱ्यांपर्यंत पोचले तोवर माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही. त्या बाईच्या पिशवीत फणस होता की कोबी, देव जाणे. पण तिला पिशवी होती, पाय होते, त्या पायांना चप्पल होती, एवढं माझ्या डोक्यात शिरलं.

विनयची तऱ्हा वेगळी. त्याला एकदा एका रिक्षावाल्यानं खेकसून खाली उतरवलं होतं. वकीलपत्र घेऊन हा उभा राहिला आणि म्हणाला, ‘मी रिक्षावाला. ह्या पोराला बघताच ओळखलं, हा बाहेरचा, नेभळट आहे, ह्याच्यावर ओरडलं तर हा काही करायचा नाही. म्हणून मुद्दाम ओरडलो.’ बोलता बोलता त्याचेच कान लाल झाले. ताटावर बसला तेव्हा नव्हता एवढा राग आता त्याला आला होता. अप्पा चमचा खाली ठेवून म्हणाले, ‘हे वकीलपत्र नव्हे, ही तर सरकारी बाजू झाली. त्याच्या डोक्यात शिरलास, पण तिथं जाऊनही स्वतःलाच बघत बसलास. तो दिवसभर तुझाच विचार करत होता की काय?’ ही गोष्ट मला तेव्हा विनोदी वाटली होती. आता मेट्रोत उभी असताना एखाद्या पोराची लॅपटॉपची बॅग माझ्या खांद्यावर आदळते, तो कानात बोंडं घालून दुसरीकडंच बघत असतो, आणि माझ्या मनात पहिलं येतं, म्हातारी म्हणून किंमत नाही ह्यांना. मग अप्पांचा चमचा ऐकू येतो. त्या पोराला म्हातारी दिसलीच नव्हती. त्याला महादेवपुऱ्याच्या ऑफिसातली कुठली तरी मीटिंग दिसत होती.

ह्या सगळ्या कोर्टात आई कधीच नव्हती. ती वाढायची. तिच्याकडे खटला असायचाच नाही, कारण ती बाहेरच जायची नाही. लग्न होऊन मिरजेहून आली ती थेट ह्या क्वार्टरमध्ये, आणि कितीतरी वर्षं फाटकाच्या पुढचं बंगळूर तिनं अप्पांच्या सायकलच्या मागं बसून नाहीतर विनयचा हात धरूनच पाहिलं. कन्नड तिला कळायचं, पण बोलायला तोंड उघडायची नाही. मग राजम्मांनी एकदा ब्लाऊज शिवून मागितला, तो अंगासरसा बसला, आणि बघता बघता सगळ्या रांगेचे ब्लाऊज आईकडे येऊ लागले. अस्तर, हुक, फॉल हे सगळं चिकपेटेच्या बाजारात चांगलं मिळायचं. अप्पांना वेळ नाही, आम्हाला रंग कळत नाहीत. शेवटी एक दिवस आई एकटी बसमध्ये चढली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या कुठल्याही फोटोत पाहिलेलं नाही. त्यानंतर ती नेमानं चिकपेटेत जाऊ लागली. जायच्या दिवशी सकाळीच भाकऱ्या उरकायची, चांगली साडी नेसायची, पिशवी झटकायची. दुकानदार तिला ‘बन्नी अक्का’ म्हणून आत बोलवतात, बसायला स्टूल देतात, हे ती आम्हाला दर वेळी नव्यानं सांगायची. तिचं स्वतःचं असं जे काही गावात होतं, ते त्या एका गल्लीत होतं.

त्या दिवशीही ती चिकपेटेतून आली होती. मी कॉलेजातून आले तेव्हा स्वयंपाक चाललेला. अप्पांचा भोंगा झाला, ते आले, विनय आला, पानं घेतली. कढी होती, भाकरी होती, वांग्याची भाजी होती. जेवण निम्म्यावर आलं असताना आई सहज बोलल्यासारखं बोलली, ‘आज बसमध्ये एकीनं ढकललं हो मला.’

आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि आम्हाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आईचा पहिला खटला! विनयनं तर ताटावरच टाळी वाजवली. अप्पा सरसावून बसले. ‘सांग, सांग. नीट सांग.’ आई म्हणाली, सांगण्यासारखं काही नाही, मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर चढताना दारात जरा थांबले, बस कुठली ते वाचत होते, मागून एकीनं हाणला धक्का आणि म्हणाली, ‘होगम्मा मुंदे, कण्णु काणल्वा?’ पुढं हो बाई, डोळे फुटले का, असं. बस्स, एवढंच.

‘घे वकीलपत्र,’ अप्पा म्हणाले.

‘मला नाही येत ते.’

‘असं कसं? नियम म्हणजे नियम.’

‘खरंच नाही येत. तुम्हीच घ्या.’

मग काय विचारता. विनय उठला, माझी ओढणी डोक्यावरून घेतली आणि त्या बाईची अशी नक्कल केली की अप्पांना ठसका लागला. ‘मी ती बाई. माझ्या डोक्यावर फुलांची टोपली आहे, फुलं मला जड नाहीत पण खालचं ओलं पोतं गळतंय, माझ्या पाठीतून थंड पाण्याचा ओघळ चाललाय, आणि ही अक्का दारात उभी राहून बसची पाटी शाळेतल्या पुस्तकासारखी वाचतेय!’ मीही मागं राहिले नाही. मी तिला सकाळपासून चहा मिळालेला नाही असं दाखवलं, ड्रायव्हर तिच्या ओळखीचा असून थांबत नाही असं दाखवलं. एकावर एक कारणं, आणि प्रत्येक कारणावर हशा. मन लावून, घाम गाळून आम्ही त्या अनोळखी बाईची बाजू मांडली. अप्पांनी पेला वाजवला. ‘आरोपी निर्दोष. फिर्यादीनं बसची पाटी लांबून वाचण्याची सवय करावी.’ आम्ही पुन्हा हसलो. आई म्हणाली, ‘बरं.’ आणि कढी वाढायला उठली. कढी वाढता वाढता म्हणाली, ‘पुढच्या वेळी अस्तर विनय आणेल. नाहीतर राहू दे, हे शिवणकाम तरी पाहिजे कशाला एवढं.’ अप्पा म्हणाले, ‘हो, आणेल की विनय, त्याला काय झालं.’ आणि पापड मोडला.

आमचं जेवण असं आटोपत आलेलं असताना राजम्मा विरजणाला ताक मागायला मागच्या दारानं आल्या. रोज कुणाचं तरी विरजण संपलेलं असे, त्यांचं किंवा आमचं. हातात छोटी वाटी होती. दारात उभं राहून त्यांनी आमच्या पंगतीकडं एकदा पाहिलं, आणि वाटी खाली ठेवून सरळ आईपाशी गेल्या. ‘अय्यो! एनायतु कैगे?’ हाताला काय झालं?

तेव्हा आम्ही बघितलं. आई डाव्या हातानं वाढत होती. आमच्या घरात, जिथं डाव्या हातानं मीठसुद्धा कुणी पुढं केलं नाही, तिथं आई सगळं जेवणभर डाव्या हातानं वाढत होती आणि आम्हा तिघांच्या लक्षात आलं नव्हतं. उजवा हात पदराखाली होता. राजम्मांनी पदर बाजूला केला. मनगट सुजलेलं, दोन बांगड्या वाढलेल्या, आणि काच लागली होती तिथं अस्तराच्या कापडाची पट्टी गुंडाळलेली, नव्या कोऱ्या मरून अस्तराची. धक्क्यानं ती दाराच्या लोखंडी दांड्यावर जाऊन आपटली होती. एवढंच, असं जे ती म्हणाली होती, त्यात हे होतं.

राजम्मांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि तोंड सोडलं. ‘याव अवळु? कोण ती? अवळ मने हाळाग!’ तिच्या घराचं वाटोळं होवो. तिथून ज्या सुरू झाल्या त्या थेट ढकलणारीच्या घरावर, चुलीवर, वेणीवर, तिच्या बसवर आणि बसच्या टायरवर उतरल्या. काही शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले आणि ते मी इथं लिहिणार नाही. त्या बाईला चप्पल चावत होती का, तिच्या पाठीवर ओघळ होता का, ह्याच्याशी राजम्मांना काडीचंही देणंघेणं नव्हतं. आई आधी ‘असू दे, असू दे’ म्हणत होती. मग तिचा चेहरा एकदम वाकडा झाला आणि ती लहान मुलीसारखी मोठ्यानं रडायला लागली. आम्ही आईला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. राजम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत शिव्या देतच होत्या, आणि टायरपर्यंत आल्या तेव्हा आई रडता रडता हसायला लागली.

अप्पा उठले. आतून आयोडीनची बाटली आणि कापूस घेऊन आले, आईसमोर जमिनीवर बसले, पट्टी सोडली.  ‘दुखतंय का गं?’ त्यांनी विचारलं.

‘हे आधी विचारायचं होतं,’ आई म्हणाली.

ती रागानं म्हणाली नाही, पण माझ्या वडिलांना आयुष्यात मिळालेलं सगळ्यात कडक उत्तर तेच असावं. त्यांनी कापसावर आयोडीन ओतलं. त्या रात्री आमच्याकडे पुन्हा कुणी पेला वाजवला नाही, आणि पुढं कितीतरी दिवस कुणी खटला आणला नाही. विनयला रस्त्यावर कुणी शिवी दिली तरी तो गुपचूप जेवायचा. पापड सगळ्यांना आपोआप मिळू लागले आणि ते गिळवेनात.

आईचा हात बरा झाला. नव्या बांगड्या राजम्मांनीच आणून भरल्या. पण चिकपेटेचा दिवस आला आणि गेला, आईनं पिशवी झटकली नाही. विनय अस्तर आणायला गेला आणि मरूनऐवजी डाळिंबी घेऊन आला. आईनं ते तसंच ट्रंकेत टाकलं. मशीनचा आवाज दुपारी कमी कमी होत गेला. कुणी ब्लाऊजचं कापड घेऊन आलं तर ‘आता डोळे चालत नाहीत’ म्हणायची, आणि त्याच डोळ्यांनी तांदळातले बारीक खडे वेचायची. अप्पा म्हणाले, मी येतो तुझ्याबरोबर, सुट्टी काढतो. ती म्हणाली, नको, कशाला तुमचा खोळंबा. ती पुन्हा फाटकाच्या आत आली होती, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि ते धक्क्यामुळं झालेलं नाही हेही आता कळत होतं. धक्का तिनं पचवला असता. घरी आल्यावर तिच्या बाजूनं कुणी नव्हतं, ते तिला पचलं नव्हतं.

एक दिवस अप्पा जेवताना म्हणाले, ‘हे वकिलीचं खूळ आता बंद करू या.’ आम्ही माना हलवल्या. आईच म्हणाली, ‘बंद कशाला? चांगलं आहे ते. फक्त आधी लागलं का ते विचारा. मग सगळ्यांनी मिळून त्या मेल्याला घाला शिव्या, राजम्मांसारख्या, पोटभर. मग घ्या हवं तर वकीलपत्र.’ तोच नियम झाला. ‘आधी राजम्मा, मग वकील’ असं आम्ही म्हणायचो. राजम्मांना ते कळलं तेव्हा त्या लाजल्या, पण मला वाटतं त्यांना आवडलंही. आणि एक गंमत अशी की त्यानंतर विनयची वकिली सुधारली. आधी चारजणांनी त्याच्या बाजूनं दात-ओठ खाल्ले की मग त्यालाच समोरच्याची दया येऊ लागे. माझी सून हल्ली ऑफिसातून फणफणत येते, कुणी तरी गाडी आडवी घातलेली असते, काच खाली करून काहीतरी बोललेलं असतं. माझ्या जिभेवर वकील येतो, पण मी आधी राजम्मा होते. नागपुरी शिव्या ती मला शिकवते. मग चहा पिता पिता तीच म्हणते, ‘जाऊ द्या ना आई, बिचाऱ्याला यू-टर्न मिळत नव्हता.’

आईला चिकपेटेत परत नेलं तेही राजम्मांनीच, पण सोबत जाऊन नव्हे. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मोरपंखी साडी होती, तिच्यावरचा ब्लाऊज आईनंच शिवायचा असा त्यांचा हट्ट, आणि त्या रंगाचं कापड दुसरं कुणी ओळखून आणणं शक्य नाही, असं त्या भिंतीपलीकडून सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात दोन दिवस म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं भाकऱ्या लवकर उरकल्या. चांगली साडी नेसली. मोरपंखी साडी पिशवीत घातली, पिशवी आधी झटकून.  विनय तेवढा म्हणाला, ‘मी येऊ का गं?’ आणि ती म्हणाली, ‘तुला रंग कळतात का?’

संध्याकाळी अप्पा भोंग्याच्या आधीच घरी आले आणि फाटकाशी उभे राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते की आज काम कमी होतं. दिवे लागायच्या सुमारास कोपऱ्यावर आई दिसली. चाल नेहमीची, पिशवी भरलेली, दोन्ही हात धड. अप्पांनी पुढं होऊन पिशवी घेतली आणि मी लांबूनही बघितलं की त्यांनी आधी तिच्या मनगटाकडं पाहिलं.

जेवायला आमटी होती आणि अवरेकाळूची उसळ. आई वाढून झाल्यावर त्या दिवशी आमच्याबरोबरच बसली. पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘माझा खटला आहे.’

‘लागलं का?’ आम्ही तिघं एकदम ओरडलो.

‘मला काही नाही लागलं. मीच लावलं.’

 ती ताटाकडं बघत सांगत होती. मॅजेस्टिकला बस हलायच्या बेतात होती. ती चुकली असती तर पुढची कधी मिळणार, आणि तुम्ही फाटकाशी येऊन उभे राहिला असणार हे मला माहीत होतं. दारात एक बाई उभी होती, चढू की नको करत, पाटी वाचत होती. ‘मी ढकललं तिला. ह्या कोपरानं. आणि बोललेसुद्धा.’

‘काय बोललीस?’ विनयनं विचारलं.

आईचा चेहरा लाल झाला. ‘होगम्मा मुंदे.’

विनय फुटला. मीही. रस्त्यावरच्या परक्या माणसाशी आई आपणहून कन्नडमध्ये बोलली ती ही पहिली वेळ! आईला मात्र हसू आलं नाही. ‘मी चढले, ती खालीच राहिली,’ ती म्हणाली. ‘बस सुटली. मी मागं वळून बघितलं नाही.’

अप्पांनी पेला उचलला आणि आईच्या ताटाशी ठेवला, चमच्यासकट. ‘आज तू न्यायाधीश,’ ते म्हणाले. ‘वकीलपत्र मी घेतो.’ आजवर अप्पा कधीही वकील झाले नव्हते. ते मांडी सावरून बसले, घसा खाकरला आणि नियमाप्रमाणे सुरू केलं. ‘मी ही बाई. माझं माहेर मिरज. मला ह्या गावाची फार वर्षं भीती वाटायची, ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. मग मला एक पेठ मिळाली, तिथं मला स्टूल देतात. मागं एकदा एकीनं मला ढकललं, माझ्या बांगड्या वाढल्या, आणि मी घरी आले तर घरातली माणसं…’ इथं ते थांबले.  ‘घरातली माणसं हसत होती. तरीपण मी आज पुन्हा गेले. परत येताना मला घाई झाली होती, कारण माझा नवरा फाटकाशी उभा असणार. तो तसा वाईट नाही. त्याला उशिरा कळतं.’

 आईनं पेला वाजवला नाही, निकालही दिला नाही. आपल्या ताटातला पापड उचलला आणि सगळाच्या सगळा अप्पांच्या ताटात ठेवला. अप्पा खाली मान घालून जेवू लागले. आईनं भाकरी मोडली, उसळीला लावली, पण घास हातातच राहिला.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘ती बाई आता घरी पोचली असेल. तिला कुणी विचारलं असेल का हो, लागलं का म्हणून?’